‘आधी सरांशी बोलून घेऊ’

नामवंत कलाकारावर गंभीर आरोप झाला की नाटकाचा ग्रुप असो की गाण्याचा क्लास, आपल्या नागपुरात पहिलं वाक्य हेच निघतं. दुसरं ठरलेलं: ‘एवढा मोठा माणूस असं काहून करन?’

प्रसिद्धीचा फायदा निकालाच्या दिवशी मिळतो असं लोकांना वाटतं. तो त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या चार दिवसांतच मिळून गेलेला असतो.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर वैद्यकीय तपासणीत शरीरावरून नमुने मिळण्याची मुदत साधारण 96 तास. मध्ये आंघोळ झाली की त्यातलंही बरंच जातं. कपडे धुवायचे नसतात. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, पुरावा खराब होतो. आता संस्थेचं वेळापत्रक बघा. शुक्रवारी मुलगी सांगते. शनिवारी अध्यक्षांच्या कानावर जातं. रविवारी देशपांडे सभागृहात सरांचा कार्यक्रम, म्हणून विषय पुढे ढकलला जातो. सोमवारी बैठक, मंगळवारी ‘सरांचीही बाजू ऐकू’. 96 तास संपले. मग खटला उभा राहिल्यावर त्याच मुलीला उलटतपासणीत विचारलं जातं, ‘तक्रारीला इतका उशीर का?’

मुलगी किंवा मुलगा 18 वर्षांखालचा असेल तर बैठकीचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. दडवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला 1 वर्षापर्यंत. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे ठाण्यातलं उत्तरही चालत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच आहे. लेकराला ठाण्यात ताटकळत बसवायचं नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता.

‘घरातल्या घरात मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांसाठी: 2012 च्या ग्यान सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खून, बलात्कार यांसारखे गुन्हे आपसातल्या तडजोडीने रद्द करता येत नाहीत.

‘पण सरांनी दोन पिढ्या घडवल्या’ हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो करणारी माणसं वाईट नसतात. आरोपीचं चांगलं चारित्र्य कोर्ट विचारात घेऊ शकतं, हे खरं. पण आवाज, रियाज, पुरस्कार यांना चारित्र्य म्हणत नाहीत. शिवाय बचावाने चारित्र्याचा दाखला पुढे केला की सरकार पक्षालाही जुनं वागणं काढण्याची मुभा मिळते. म्हणून जाणते वकील त्या वाटेला सहसा जात नाहीत. चाहते मात्र फेसबुकवर रोज जातात.

सिनेदिग्दर्शक रोमन पोलान्स्कीचं प्रकरण घ्या. 1977, लॉस एंजेलिस, मुलगी 13 वर्षांची. अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंधाचा गुन्हा त्याने कोर्टात कबूल केला, मानसिक तपासणीसाठी 42 दिवस तुरुंगात काढले आणि 1978 मध्ये शिक्षा सुनावण्याआधी पळून फ्रान्स गाठलं. 2003 मध्ये ऑस्कर. 2009 मध्ये झुरिकला अटक झाली तर सिनेमातल्या शंभराहून जास्त मंडळींनी सुटकेसाठी पत्रक काढलं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला बाहेर काढलं ते थेट 2018 मध्ये. त्या मुलीनेच मोठेपणी प्रकरण संपवा म्हटलं, हे लोक लगेच सांगतात. इतकी वर्षं कॅमेरे दारात उभे असल्यावर तिने आणखी काय म्हणावं?

आपल्याकडे बेकायदा शस्त्रं बाळगल्याबद्दल संजय दत्तला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2013 मध्ये दोषी कायम ठेवून 5 वर्षांची शिक्षा दिली, तेव्हाही माफीची मागणी झाली. तो येरवड्यात गेला, फेब्रुवारी 2016 मध्ये सुटला, पुन्हा सिनेमे करू लागला. शिक्षा भोगल्याने कला संपत नाही, एवढं तरी त्यातून दिसलं.

आरोप म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे मला पूर्ण मान्य. पण निर्दोष कलाकारालाही लगेच नोंदवलेली तक्रारच वाचवते. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी 15 ते 30 दिवसांत पुसलं जातं. हजेरीची वही, फोनचं लोकेशन, त्या दिवशी हॉलमध्ये कोण होतं, सगळं ताजं असतानाच मिळतं. चौकशी होईपर्यंत वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे द्या, ठरलेला सत्कार पुढे ढकला, रेकॉर्डिंगची प्रत काढून ठेवा. सरांना मुलीच्या घरी ‘समजवायला’ पाठवू नका. साक्षीदार फुटायला सुरुवात तिथूनच होते.

आणि ग्रुपवर मुलीचं नाव, तिची शाळा, आईवडिलांचं नाव, कोणत्या लेआउटमध्ये राहते, यातलं काहीही टाकू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे. कुणी टाकलं असेल तर ॲडमिनने ते आत्ता, ही पोस्ट वाचतानाच काढावं.