लिबेटचा प्रयोग आणि अठरावा अध्याय
अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगाने इच्छास्वातंत्र्य, म्हणजे आपले निर्णय आपणच घेतो ही कल्पना, निकालात काढले, असे एका लेखात वाचले; ते अजिबात पटले नाही. मनगट हलवायची इच्छा जाणवण्याच्या सुमारे ३५० मिलिसेकंद आधीच मेंदूत हालचाल दिसली, हे खरे. पण प्रयोगातल्या लोकांना 'वाटेल तेव्हा मनगट हलवा' म्हटल्यावर त्यात निर्णय तो कसला? नोकरी सोडायची की नाही, यावर माणूस महिनोन्महिने विचार करतो. शिवाय आयत्या वेळी थांबता येते, असे खुद्द लिबेटच मानत.

सगळे आधीच ठरत असेल तर आपल्या निवडीला अर्थ काय, हाच पेच श्रद्धावंतांपुढेही आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखा फिरवतो, आणि दोनच श्लोकांनंतर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, नीट विचार कर, मग 'यथेच्छसि तथा कुरु', म्हणजे तुला वाटेल तसे कर. मला यात विसंगती दिसत नाही. आपला विचार हीसुद्धा कार्यकारणाच्या साखळीतलीच कडी आहे. ती वगळली तर पुढचे घडणारच नाही.