विरजणाच्या पुडीतले जिवाणू मेलेले नसतात

फोंडा-म्हापशाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘विकतच्या विरजणाच्या पुडीतले जिवाणू गोठवून, सुकवून मारलेले असतात, ती नुसती पांढरी भुकटी.’ हे खरं नाही.

फ्रीज-ड्राइंगमध्ये, म्हणजे गोठवून सुकवण्याच्या पद्धतीत, जिवाणू आधी उणे ४० अंशांच्या आसपास गोठवतात. मग निर्वात पेटीत बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. काही जिवाणू यात मरतात, हे मान्य. बर्फाच्या स्फटिकांनी पेशीचं आवरण फाटतं. पाणी गेलं की तेच आवरण विस्कटतं. म्हणूनच गोठवण्याआधी सायविरहित दूध, साखर किंवा ट्रेहॅलोज (साखरेचाच एक प्रकार) मिसळतात. ही साखर आवरणाभोवती पाण्याची जागा घेते आणि सुकताना काचेसारखी घट्ट होऊन पेशी धरून ठेवते. पेशी मरत नाही, तिचं काम थांबतं. भरपूर वाढ होऊन स्थिरावलेले जिवाणू हा ताण जास्त सोसतात, म्हणून ते त्याच वेळी सुकवायला काढले जातात.

खात्री हवी तर विरजणाची पुडी कोमट दुधात घाला. जिवाणू मेलेले असते तर दही लागलंच नसतं. दूध कढत मात्र नको.

खरी काळजी गोव्याच्या पावसाळ्याची. उघडी पुडी ओट्यावर राहिली की दमट हवेने भुकटीचे गोळे होतात. ओल शिरली की जिवाणू भराभर मरतात. पुडी फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्येच ठेवा.