‘धाग्यांनी स्तन उचला, व्रण नाही’ या दाव्याबद्दल खुलासा

एका तासात, टाके न घालता धाग्यांनी ओघळलेले स्तन कायमचे वर येतात, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. विरघळणारे धागे काही महिन्यांत ताकद गमावतात. मूळ अडचण असलेली सैल, जादा कातडी तिथेच राहते. ती कापून काढायची, तर व्रण येणारच.

व्रण किती, हे स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या किती खाली आलंय त्यावर ठरतं. घडीपाशीच असेल तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळालगत गोल छेद पुरतो. पण याच छेदातून जास्त कातडी ओढली की वर्तुळ पसरतं, स्तन चपटा दिसतो. वर्तुळाभोवती न विरघळणारा टाका घालूनही हा धोका पूर्ण जात नाही. स्तनाग्र घडीच्या १ ते ३ सेंटिमीटर खाली असेल तर बहुधा गोल छेदाला खाली उभा छेद जोडतात. उभ्या छेदाच्या खालच्या टोकाला पडलेल्या चुण्या काही महिन्यांत बसतात. त्याहून खाली असल्यास घडीतला आडवा छेदही लागतो. उभा-आडवा छेद मिळतात तिथे ताण जास्त, रक्तपुरवठा कमी. जखम उघडते ती बहुतेक तिथेच. तंबाखूने रक्तपुरवठा आणखी घटतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या निदान ४ आठवडे आधी तंबाखू बंद, मिश्रीसुद्धा.