'डोळा लागणं कुणाच्या हातात नसतं' म्हणे!

नाशिकच्या पालकांच्या आणि सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर मॅग्नस व्हाइट या १७ वर्षांच्या अमेरिकन सायकलपटूचा फोटो आणि खाली पाच वाक्यं: 'हायवेवर सायकल चालवणं मुळात बेकायदा. गाडीचं स्टेअरिंग बिघडलं होतं. चालक बाईकडे लायसन होतं, म्हणजे ती फिटच होती. डोळा लागणं कुणाच्या हातात नसतं. चांगलं हेल्मेट असतं तर पोरगं वाचलं असतं.' शेवटी हात जोडून 'मुलांना रेसिंग सायकल देऊ नका'. काल ताईने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, 'याची सायकल विकून टाकू का रे?' तिचं पोरगं वर्षभर पहाटे उठून सायकलचा सराव करतंय. म्हणून हे उत्तर.

आधी घडलं काय ते. २९ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडोतल्या बोल्डरजवळ मॅग्नस सराव करत होता. ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत ज्युनिअर माउंटन बाइक गटात तो उतरणार होता. मागून आलेली मोटार आपली लेन सोडून कडेच्या पट्टीवर गेली आणि त्याला धडकली. चालक बाईने पोलिसांना सांगितलं की स्टेअरिंगने दगा दिला. गाडी तपासली, यांत्रिक बिघाड सापडला नाही. रात्री दारू पिऊन, जेमतेम झोप घेऊन ती गाडी चालवत होती आणि स्टेअरिंगवरच झोपली, अशी सरकारी पक्षाची मांडणी होती. एप्रिल २०२५ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवलं आणि जूनमध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली. मेसेजमधलं दुसरं वाक्य म्हणजे कोर्टात न टिकलेला बचाव आहे, आणि तो मेसेज लिहिणाऱ्याने सत्य म्हणून छापलाय.

आपल्याकडे हेच 'ब्रेक फेल' या नावाने येतं. कसारा घाटात वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात, हे खरं आहे. पण ओझरच्या सपाट रस्त्यावर ते कारण आपोआप लागू होत नाही. मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकला दोन स्वतंत्र सर्किट असतात, दोन्ही एकाच क्षणी जाणं दुर्मिळ. पॉवर स्टेअरिंग बंद पडलं तर स्टेअरिंग जड होतं, गाडी स्वतःहून डावीकडे वळत नाही. टाय रॉड एंड (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याचं टोक) तुटला असेल तर तुटलेला भाग हातात येतो आणि तो आधी झिजून तुटला की धडकेने, हे जाणकाराला दिसतं. म्हणजे हे तपासता येतं. फक्त मोटार वाहन निरीक्षकाने गाडी बघेपर्यंत ती गॅरेजला जाता कामा नये.

आता लायसन. लायसन मिळताना फिटनेस कसा ठरतो ते एकदा वाचाच. चाळिशीच्या आतल्या माणसाला खासगी गाडीसाठी डॉक्टरचा दाखला लागतच नाही. नमुना १ नावाचं स्वतःचं घोषणापत्र पुरतं: आकडी येते का, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का. उत्तरं अर्जदारच भरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे १९ व्या वर्षी भरलेली ती 'हो-नाही' पुढची २१ वर्षं पुरते, मधे कुणी डोळे बघत नाही. चाळिशीनंतर आणि ट्रक-टेम्पोसाठी नमुना १-अ लागतो, त्यावर डॉक्टरची सही असते. ती सही तपासून झाली की खुर्चीतून न उठता, हे कागदावरून कळत नाही.

तपासलं तरी काय तपासलं जातं? २५ मीटर म्हणजे सहा मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तेवढं अंतर, तेही भर दिवसा आणि समोर बघून. काचबिंदूत कडेची नजर जाते आणि मेंदू ती जागा भरून काढतो, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ता नसतो. तो नंबरप्लेट झटकन वाचेल, पण रस्त्याच्या डाव्या कडेचा सायकलस्वार त्याच्या नजरेतून गेलेला असेल. मोतीबिंदूवाल्याला सकाळी पिंपळगावकडे जाताना सूर्य समोर आला की सगळं पांढरं होतं. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, न खाता पहाटे निघालेल्याची साखर ७० च्या खाली गेली तर त्याला घाम येतो, गोंधळ उडतो आणि आपण गोंधळलोय हेच त्याला समजत नाही. इन्सुलिनवाल्याने निघण्याआधी आणि दर दोन तासांनी साखर बघावी; ९० च्या खाली असेल तर आधी खावं, ७० च्या खाली गेली तर खाऊन ती जागेवर आल्यावर पाऊण तास गाडीला हात लावू नये. हे लायसनवर कुठेही लिहिलेलं नसतं. लायसन म्हणजे त्या दिवशी माणूस परीक्षा पास झाला होता, एवढंच.

सगळ्यात घातक वाक्य चौथं. त्याने मला खरंच संताप आला, कारण ते दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला आधीच माफी देऊन टाकतं.

झोप वीज पडल्यासारखी येत नाही. जांभया येतात, डोळे चुरचुरतात, मान जड होते, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाते आणि झटका देऊन परत येते, मागचा एक किलोमीटर कसा गेला ते आठवत नाही. एवढं झाल्यावर माणूस पुढे चालवतो, तो त्याचा निर्णय असतो. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो आणि २४ तासांनंतर तो जवळपास ०.१० टक्क्यांवर जातो. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के.

हा हिशेब नाशिकला लावा. दिंडोरी-पिंपळगावकडून भाजी भरून संध्याकाळी निघालेला पिकअप रात्री वाशीला खाली होतो आणि उजाडता उजाडता कसारा चढून परत येतो. चालक आदल्या सकाळी सातला उठला असेल तर रात्री बाराला त्याचे १७ तास भरले. सकाळी सहाला विल्होळीजवळ तो २३ व्या तासात असतो, आणि नेमकी तीच वेळ आपल्या पोरांच्या सरावाची. ८० च्या वेगात ३ सेकंद डोळा लागला की गाडी ६६ मीटर आंधळी जाते. एरवी ३० ने जाणारा सायकलस्वार सरळ रस्त्यावर २०० मीटरवरून दिसत असेल तर ८० च्या गाडीला त्याच्यापर्यंत पोचायला १४ सेकंद लागतात. १४ सेकंद न दिसणं म्हणजे 'अचानक' नव्हे.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा उपयोग काही मिनिटांपुरता. गाडी रस्त्याबाहेर सुरक्षित जागी लावायची, कडक कॉफी घ्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं झोपायचं. कॉफी चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी झालेली असते. सर्दीवरच्या क्लोरफेनिरामिनसारख्या गोळीनंतर गाडी नकोच. जो रात्री घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो आणि दिवसा बसल्या जागी ज्याला पेंग येते, त्याने झोपेची तपासणी करून घ्यावी.

मालकांनीही हात झटकू नयेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ चालकाच्या कामाच्या तासांना मर्यादा घालतं; नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात ती दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ अशी होती. शिवाय कलम १८६ नुसार शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य असताना, ते माहीत असूनही गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दंड पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा केल्यास २,०००. रक्कम लाज वाटावी इतकी लहान आहे, पण कायदा 'हातात नसतं' असं म्हणत नाही हे तरी नीट वाचा.

उरलेले मुद्दे. समृद्धीवर सायकलला बंदी आहे, मान्य. मुंबई-आग्रा महामार्गावर तशी सरसकट बंदी नाही, आणि २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण करणारे महाजन बंधू याच शहरातले. हेल्मेटची युरोपीय चाचणी सपाट पृष्ठभागावर ताशी सुमारे २० किलोमीटरच्या आदळण्याची असते. ते घालायचंच, पण ८० च्या मोटारीपुढे त्याच्याकडून चमत्कार मागू नका. एक गोष्ट मात्र कबूल करतो: अंधारात टेललाइटशिवाय, तिघे शेजारी-शेजारी, कानात गाणी लावून जाणारी मुलं आपल्यातही आहेत आणि ते बंद व्हायला हवं.

आणि दुर्दैवाने कुणावर वेळ आलीच तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागा: चालकाच्या रक्ताचा नमुना, त्याच्या साखरेची पहिल्या तासातली नोंद (सलाइन लागल्यावर ती बदलते), फोनचा कॉल रेकॉर्ड आणि फास्टॅगच्या वेळा. पडघा, घोटी, पिंपळगाव या टोलनाक्यांच्या वेळा जोडल्या की तो किती तास गाडी चालवत होता ते कागदावर येतं. नाहीतर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (१) लागतं, ज्यात निष्काळजीपणाने मृत्यूला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण निष्काळजीपणा नेमका कोणता हे फाइलमध्ये कुठेच नसतं. लायसन रद्द करण्यासाठी कलम १९ खाली आरटीओकडे वेगळा अर्ज द्या.

ताई, सायकल विकू नकोस. टेललाइट सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) लाव, सॅडल बॅगने झाकला जाणार नाही असा, आणि दिवसाही लुकलुकता ठेव. आठवड्यातले लांब पल्ले पहाटे महामार्गावर नकोत. उजाडल्यावर गिरणारे-दुगावकडे जाऊ दे. आणि जावईबापू रात्रपाळी करून थेट गाडी घेऊन गावी निघतात ना, त्यांना हा लेख आधी वाचायला दे.