पहिलं गेट, दुसरं गेट

आमचं घर शहापुरात. आज शहापूर बेळगावातच धरतात, पण संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होतं. म्हणजे बेळगावात इंग्रज आणि शहापुरात पटवर्धन. घर त्याच काळातलं, भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात आत आलं की फ्रीजमध्ये शिरल्यासारखं वाटतं. वायफायला मात्र त्या भिंती मानवत नाहीत. खालच्या सोप्यातून निघालेली रेंज जिन्यापर्यंत कशीबशी पोचते आणि तिथंच बसते.

वरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन आहे. गिऱ्हाइकं ब्लाऊजच्या गळ्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. फोटो उघडायला तिला खाली यावं लागायचं, आणि खाली आली की मी काय करत बसलोय तेही दिसायचं. तेव्हा वर रेंज पोचवणं दोघांच्याही हिताचं होतं.

मला माळा आठवला. दोन वर्षांपूर्वी कंपनी बदलली तेव्हाचा जुना राऊटर तांब्याच्या घंगाळात ठेवला होता. आमच्याकडे चालू वस्तू टाकत नाहीत. बंदही टाकत नाहीत, पण ते असू दे. जिन्याच्या कडेनं वायर नेली, एक टोक नव्या राऊटरला, दुसरं जुन्याला. वर हिरवे दिवे लागले. बायकोचे गळे धडाधड उघडले. दोन दिवस मी घरात इंजिनिअर म्हणून वावरलो.

तिसऱ्या दिवशी नेट गेलं. पूर्ण गेलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मोबाईलवर चालू, आईच्या मोबाईलवर बंद. दहा मिनिटांनी आईचं कीर्तन सुरू, माझं बंद. रेंजच्या काड्या भरलेल्या आणि खाली बारीक अक्षरात ‘इंटरनेट नाही’. पुण्याची मुलगी व्हिडिओ कॉलवर तोंड उघडून तशीच राहायची. मोबाईल बंद करून चालू केला की तासभर चालायचं, किंवा नाही चालायचं.

मग संशयितांची रांग लागली. आईनं पावसावर बोट ठेवलं. जुलैत बेळगावात पावसावर काहीही ढकललं तरी खपतं. बायकोनं मायक्रोवेव्हवर. यात थोडं तथ्य आहे, कारण ते यंत्र 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि वायफायचा एक पट्टाही 2.4 चाच. पण मायक्रोवेव्ह दिवसातून दोन मिनिटं दूध तापवतो, नेट रात्रीसुद्धा जायचं. शेजारचे आण्णा म्हणाले, “पासवर्ड कुणीतरी चोरलाय गा.” पासवर्ड मी त्यांनाच सांगितला होता. तो बदलला. आण्णांचं नेट बंद झालं, आमचं होतं तसंच राहिलं.

कंपनीला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मी एक दाबलं, कारण तिथं रांग लहान असते असा माझा समज आहे. पलीकडून “ऑफ माडि, ऑन माडि सर.” तेवढं कन्नड इथं जन्मतःच येतं. माडलं. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा पोरगा आला. पहिलाच प्रश्न, “नवीन काय जोडलायसा काय घरात?”

मी म्हटलं, “नाही.” खोटं नव्हतं. जोडलेला जुना होता.

त्यानं राऊटरच्या सगळ्या वायरी काढल्या, एकीला लॅपटॉप लावला, नेट सुसाट. “नम्म कडे येल्ला सरी ऐती,” म्हणजे आमच्याकडून सगळं ठीक आहे, म्हणाला, चहा घेतला, आणि काढलेल्या सगळ्या वायरी प्रामाणिकपणे होत्या तिथं खोचून गेला. तो गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत आईचं कीर्तन बंद.

शेवटी रविवारी पुतण्या आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं मोबाईलवर 192.168.1.1 असा आकडा घातला. राऊटरचं आतलं पान उघडलं. वर चालू कंपनीचं चिन्ह. पाच मिनिटांनी परत तोच आकडा घातला. पान उघडलं, पण वर चिन्ह दुसरंच. दोन वर्षांपूर्वी हिशेब चुकता करून जिला निरोप दिला, ती कंपनी.

“काका,” तो म्हणाला, “काय करून ठेवलासा हे?”

त्यानं सांगितलेलं असं. हा आकडा घरगुती जाळ्यासाठीचा पत्ता. दोन्ही राऊटर कारखान्यातूनच तो घेऊन आलेले. घरातला प्रत्येक मोबाईल हाक मारतो, 192.168.1.1 कोण? खालून एक म्हणतो मी, वरून दुसरा म्हणतो मी. ज्याचं उत्तर शेवटी कानावर पडलं त्याच्याकडे मोबाईल जातो. शिवाय नव्या येणाऱ्याला पत्ता वाटून द्यायचं कामही दोघं करतात. बाहेरची वाट मात्र एकाकडेच. त्या वाटेला गेटवे म्हणतात.

“म्हणजे पहिलं गेट, दुसरं गेट,” मी म्हटलं. टिळकवाडीतून जा-ये करण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला रेल्वेची गेटं समजावून सांगावी लागत नाहीत. दुसऱ्या गेटाच्या पलीकडे रस्ताच नव्हता, एवढंच.

पण खरं सांगू, मला गेटांच्याही आधी दुसरंच काहीतरी आठवलं. एक पत्ता, दोन दावेदार, दोघांकडे कागद आणि दोघांचा आवाज चढा. 1956 पासून आम्ही दुसरं काय बघतोय? सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. हा प्रकार अख्ख्या घरात मला सगळ्यांत आधी ओळखू यायला हवा होता.

पुतण्यानं जुन्या राऊटरचा पत्ता बदलून 192.168.1.2 केला आणि त्याचं पत्ते वाटायचं काम बंद केलं. दहा मिनिटं लागली. “एवढंच?” मी विचारलं. आयोग नाही, मोर्चा नाही, मला जरा चुकल्यासारखंच झालं.

“एक राहिलं,” तो म्हणाला. “दोन्हीला नाव आणि पासवर्ड सारखाच दिला की जिना चढताना मोबाईल आपोआप इकडून तिकडं जातोय. खालच्याचं नाव ‘बेळगावी’ हाय.” ते कंपनीच्या पोरानं बसवताना ठेवलेलं, 1 नोव्हेंबर 2014 पासूनच्या सरकारी नावाला धरून. “वरच्याचं ‘बेळगाव’.” ते मी ठेवलेलं. “दोन्हीकडं कुठलं घालू?”

बायकोनं मशीन थांबवलं. आईनं कीर्तनाचा आवाज कमी केला. पुतण्या मोबाईलवर अंगठा धरून माझ्याकडे बघत राहिला.

“असू दे की दोन्ही,” मी म्हटलं.

त्यामुळे नेट आता व्यवस्थित आहे. फक्त वर जाताना जिन्याच्या सातव्या पायरीवर तुटतं. तिथं आम्ही थांबतो, मोबाईलवर नाव बदलतो आणि वर जातो. उतरताना पुन्हा.