‘शेड्यूल’ की ‘स्केज्युल’: सभ्य माणसासाठी मार्गदर्शन

समाजात मान हवा असेल, तर आपण सर्वप्रथम ‘शेड्यूल’ या शब्दाच्या पहिल्या अक्षराचा निकाल लावून घ्यावा. अर्थाकडे सवडीने पाहता येते, आणि न पाहिले तरी कोणाचे काही अडत नाही. हिंजवडीच्या कचेरीतून रोज संध्याकाळी अमेरिकेशी बोलणाऱ्यांनी ‘स्केज्युल’ म्हणावे आणि फोन ठेवल्यावर घरच्यांशी बोलतानाही तो सूर सोडू नये, म्हणजे शेजाऱ्यांना पगाराचा अंदाज न विचारता येतो. ज्यांचे इंग्रजी आकाशवाणीच्या बातम्यांवर पोसले गेले, त्यांनी ‘शेड्यूल’लाच चिकटून राहावे आणि ‘स्क’ कानी पडताच एक भुवई वर न्यावी. ‘शेडूल’ म्हणणाऱ्याला मात्र दोन्ही पक्षांनी मिळून हसावे. त्यांच्यातले तेवढेच एक मतैक्य आहे, ते जपले पाहिजे.

वाद घालताना इतिहासाचा आधार अवश्य घ्यावा, पण अर्धाच घ्यावा. पूर्ण घेतला तर पंचाईत होते. हा शब्द ग्रीक-लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला, तेव्हा त्याच्या आरंभी साधा ‘स’ होता. त्यातला ‘सीएच’ लॅटिनशी नाते दाखवण्यासाठी पुढे विद्वानांनी बसवला. अमेरिकेत नोहा वेब्स्टर यांनी १८२८च्या कोशात ‘स्कीम’च्या धर्तीवर उच्चार करावा असे बजावले आणि इंग्लंड ‘श’वर स्थिरावले. म्हणजे ज्यांच्या शुद्धतेसाठी आपण कंठ सुकवतो, ते दोन्ही उच्चार मागाहून आलेले आहेत. ही माहिती आपल्यापाशीच ठेवावी. ‘श’चा नियम सगळीकडे लावला तर शाळेलाही ‘शूल’ म्हणावे लागेल, असा टोला ‘स्क’वाले हमखास मारतात. त्याला मुलांचा मनापासून पाठिंबा मिळेल, पण मुलांचे मत विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

कोणी अर्थ विचारलाच, तर ‘वेळापत्रक’ असे सांगून मोकळे व्हावे. मुळात हा शब्द कागदाच्या तुकड्याचा, दस्तऐवजाला जोडलेल्या चिठ्ठीचा; वेळापत्रक हा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला आणि कायदा लिहिणाऱ्यांनी आपली जुनी चिठ्ठी आजही सोडलेली नाही, हे सांगत बसल्यास चारचौघांत आपली गणना कंटाळवाण्या माणसांत होईल. त्यापेक्षा सहकारी बँकेच्या पाटीवर ‘शेड्यूल्ड बँक’ असे वाचून, ही वेळच्या वेळी उघडणारी बँक दिसते, अशी समजूत करून घ्यावी आणि ठेव ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या १९३४च्या कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या यादीत त्या बँकेचे नाव आहे, एवढेच ती पाटी सांगते. यादीत नाव असूनही ठेवीदारांना रांगेत उभे करणाऱ्या बँका महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. औषधाच्या पाकिटावरचे ‘शेड्यूल एच’ हेही गोळ्या घेण्याचे वेळापत्रक समजावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जी विकू नयेत अशा औषधांची ती यादी आहे, हे मेडिकलवाल्यालाही नेहमी आठवतेच असे नाही.

काही लोकांनी मात्र या शब्दाच्या बाबतीत फारच वाईट उदाहरण घालून दिले आहे. ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली पुढच्या वर्षी जो आदेश निघाला, त्याला जातींची यादी जोडलेली होती आणि त्या यादीवरून ‘शेड्यूल्ड कास्ट’ हे नाव रूढ झाले. डॉ. आंबेडकरांनी १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले, आणि मराठीने त्याचे सुटसुटीत ‘शेकाफे’ करून टाकले. यादीत नाव असण्या-नसण्यावर ज्यांची शिष्यवृत्ती आणि नोकरी ठरत होती, त्यांनी पहिल्या अक्षरावर एखादी सायंकाळ घालवल्याचे ऐकिवात नाही. आपण त्यांचे अनुकरण करू नये.

आपली मराठी राज्यघटनेच्या आठव्या शेड्यूलमध्ये पहिल्यापासून आहे. तेव्हा तिथे १४ भाषा होत्या, आता २२ आहेत. हा अभिमान भाषणात जरूर मिरवावा, फक्त ‘अनुसूची’ हा मराठी शब्द तेवढा टाळावा, कारण श्रोत्यांचा गोंधळ उडतो.

दहाव्या शेड्यूलचा विषय निघाला, तर मात्र विशेष सावध राहावे. पक्षांतरबंदीचे हे शेड्यूल ५२व्या घटनादुरुस्तीने १९८५ साली आले. आमदार अपात्र ठरतो की नाही, हे विधानसभेच्या अध्यक्षांनी ठरवायचे असे त्यात लिहिले आहे. किती दिवसांत ठरवायचे, हे लिहिलेले नाही. शेड्यूल आहे, पण त्याला शेड्यूल नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांना वाजवी मुदतीत निर्णय घ्या असे सांगितले, आणि जानेवारी २०२४ मध्ये निर्णय आला तेव्हा त्या विधानसभेचे एक वर्षही उरले नव्हते. आता एखादा आगाऊ श्रोता उठून, मुदतच नसलेल्या या कायद्याचा उपयोग काय, असे विचारू लागेल. त्याचे वाक्य पुरे होऊ न देता, तो शब्द ‘शेडूल’ नसून ‘शेड्यूल’ आहे, हे त्याला नम्रपणे लक्षात आणून द्यावे.