पावसाळ्याआधी काढलेले फोटो

चार वर्षांपूर्वी वास्तुकलेच्या एका लहानशा पुरस्कारासाठी परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. आम्ही पाच जण होतो आणि पाचही वास्तुविशारद. एका वातानुकूलित खोलीत सकाळपासून पॅनेल्स, म्हणजे प्रकल्पांचे फोटो आणि नकाशे लावलेले फलक, पाहत होतो आणि दुपारच्या चहाआधीच एका ग्रामीण शाळेवर आमचे एकमत झाले. लांब व्हरांडा, त्याला विटांची जाळी आणि त्या जाळीतून फरशीवर उतरलेली उन्हाची नक्षी, असे ते फोटो होते. पुढच्या जुलैमध्ये दुसऱ्या कामासाठी त्या तालुक्यात गेलो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून शाळा पाहायला गेलो. जाळीला बाहेरून निळी ताडपत्री सुतळीने आवळून बांधलेली होती, फरशीवर गोणपाटे अंथरलेली होती आणि मुलांची दप्तरे आतल्या बाकांवर रचून ठेवली होती, कारण पश्चिमेची झड थेट वर्गाच्या दारापर्यंत येत होती. जाळीवर छज्जा नव्हता. आमच्यासमोरच्या प्लॅनवर उत्तर दिशेचा बाण होता, सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या चित्रात, छज्जा नसल्याचे स्पष्ट दिसत होते, आणि तरीही एकूण शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव असलेल्या आम्हा पाच जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते. तिथले शिपाईमामा म्हणाले, "फोटोवाले एप्रिलात येऊन गेले, साहेब."

वास्तुविशारदांनीच वास्तुविशारदांना पुरस्कार द्यावेत का, असा वाद निघाला की बहुतेकांचा रोख ओळखीपाळखीवर असतो. वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा जो प्रिट्झकर पुरस्कार, त्याच्या बाबतीत तशी यादीही देता येते. फुमिहिको माकी १९८५ ते १९८८ या काळात ज्युरीत होते आणि १९९३ मध्ये त्यांना पुरस्कार मिळाला. आलेहान्द्रो अरावेना २०१५ पर्यंत ज्युरीत होते आणि २०१६ चे मानकरी ठरले. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशीही आधी परीक्षक होते, आणि २०१८ मध्ये हा पुरस्कार मिळालेले पहिले भारतीय झाले. मात्र नव्वदच्या दशकात त्याच ज्युरीवर बसलेल्या चार्ल्स कोरिया या नामवंत भारतीय वास्तुविशारदांना तो अखेरपर्यंत मिळाला नाही, हेही त्याच यादीत लिहायला हवे. या व्यवसायात जगभर नाव असलेली माणसे मोजकी असतात आणि ती एकमेकांना ओळखणारच. मला त्या ओळखीपेक्षा, एकाच प्रकारे पाहायला शिकलेल्या डोळ्यांची जास्त काळजी वाटते.

ते शिक्षण किती मोलाचे असते आणि कुठे अपुरे पडते, या दोन्ही गोष्टी सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या १९५७ च्या निकालात दिसतात. लेस्ली मार्टिन, एरो सारिनेन, कॉब्डेन पार्क्स आणि हेन्री इंगम ॲशवर्थ हे चौघे परीक्षक वास्तुविशारदच होते. उशिरा पोहोचलेल्या सारिनेन यांनी बाद झालेल्या गठ्ठ्यातून यॉर्न उत्झन या डॅनिश वास्तुविशारदाची चित्रे बाहेर काढली, ही गोष्ट आमच्या पिढीला कॉलेजात हमखास सांगितली जायची. तिच्यात मीठमसाला किती आहे, हा भाग वेगळा. चित्रे अगदी जुजबी आहेत, जवळजवळ आकृतीवजा आहेत, हे परीक्षकांनी आपल्या अहवालात स्वतःच नोंदवले होते आणि तरीही त्यातून जगातील एक थोर इमारत उभी राहू शकते, असा विश्वास व्यक्त केला होता. चार रेघांमधून उभी इमारत पाहणे हे त्या विषयात मुरलेल्या माणसाचेच काम आहे. पण छताची ती शिंपल्यासारखी कवचे नेमकी कोणत्या भूमितीने उभी राहणार, याचे उत्तर त्या चौघांपाशी नव्हते. ते सापडायला पुढे काही वर्षे गेली. सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर पोहोचला, उत्झन यांनी १९६६ मध्येच काम सोडले आणि इमारत १९७३ मध्ये खुली झाली. निवड चुकली असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या टेबलाशी पाचवी खुर्ची एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची असती, तर निवड तीच करूनही पुढचे प्रश्न त्याच दिवशी कागदावर आले असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आम्हा लोकांची दुसरी सवय म्हणजे इमारतीमागे एकच कर्ता शोधण्याची. १९९१ चे प्रिट्झकर एकट्या रॉबर्ट व्हेंच्युरींना दिले गेले. त्यांच्या बरोबरीने विचार मांडणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि त्याच फर्ममध्ये भागीदार असलेल्या डेनिस स्कॉट ब्राउन यांचे नाव त्यात नव्हते. २०१३ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी या अन्यायाच्या दुरुस्तीसाठी सह्यांची मोहीम चालवली, तेव्हा आधीच्या ज्युरीचा निर्णय नंतरच्या ज्युरीला बदलता येत नाही, असे उत्तर ज्युरीचे अध्यक्ष लॉर्ड पालम्बो यांनी दिले. नियम म्हणून ते ठीक असेल. पण २००१ मध्ये हेर्झोग आणि द म्यूरॉन या जोडीला एकत्र पुरस्कार देऊन झाल्यानंतरही २०१२ मध्ये वांग शू यांचे एकट्याचे नाव जाहीर व्हावे आणि त्यांच्या पत्नी व स्टुडिओच्या सहसंस्थापक लू वेन्यू बाहेर राहाव्यात, याला नियमाचा आधार देता येत नाही. ज्याने आयुष्यभर ऑफिस चालवले आहे, त्याला कुठला जिना कोणाच्या टेबलावर सुटला हे पक्के ठाऊक असते. परीक्षकाच्या खुर्चीत बसताच त्याला त्याचा विसर कसा पडतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

याउलट मुस्लीम समाजांशी निगडित वास्तुकलेसाठी दिल्या जाणाऱ्या आगा खान पुरस्काराची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. तिथे निवडक प्रकल्पांच्या जागी तज्ज्ञ पाठवले जातात. ते इमारत पाहतात, वापरणाऱ्यांशी बोलतात, खर्च आणि देखभालीची चौकशी करतात आणि त्यांच्या अहवालानंतरच ज्युरी अंतिम निर्णय घेते. ज्युरीतही सगळे वास्तुविशारद नसतात. १९९८ च्या ज्युरीत झाहा हदीद आणि आराता इसोझाकी या वास्तुविशारदांच्या शेजारी फ्रेडरिक जेम्सन हे साहित्यसमीक्षक बसले होते. त्या वर्षीच्या मानकऱ्यांमध्ये भोपाळचे कोरियांचे विधान भवन होते, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातील लासूरचे कुष्ठरुग्णांसाठीचे रुग्णालयही होते. दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी अगदी कमी पैशांत बांधलेली ती दगडी भिंतींची, कमानदार छतांची आणि मधल्या अंगणाभोवती वसलेली बैठी इमारत. विधान भवनाच्या शेजारी तिचे पॅनेल टांगले असते आणि फक्त फोटोंवर निकाल लागला असता, तर आमच्या खोलीतल्या पाच जणांनी तिला काय गुण दिले असते, याचा अंदाज मी करू शकतो आणि तो मला सुखावणारा नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा एका संस्थेकडून परीक्षक होण्याचे निमंत्रण आले. होकार कळवताना मी लिहिले की अखेरच्या पाच इमारती परीक्षकांनी प्रत्यक्ष, शक्यतो ऑगस्टमध्ये, पाहाव्यात, परीक्षकांत एक इंजिनिअर आणि इमारत रोज वापरणाऱ्यांपैकी एखादी मुख्याध्यापिका किंवा परिचारिका असावी, आणि प्रवासखर्च परवडत नसेल तर मी माझ्यापुरता एसटीने जाईन. दुसऱ्याच दिवशी अतिशय नम्र उत्तर आले. सूचना त्यांना मनापासून पटल्या होत्या आणि प्रवासखर्चाचीही अडचण नव्हती. फक्त पुरस्कार वितरण जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरले असून सभागृहाचे भाडे आगाऊ भरून झाले होते.